त्या गाण्यातली क्लारा

सोलापूरच्या शुक्रवार पेठेत माझ्या गिटार क्लासची पाटी लावली, तेव्हा खालच्या किराणा दुकानदारानं मान वर करून ती सावकाश वाचली आणि विचारलं, "टीचर, हे लग्नात वाजवायचं असतंय का मयतीत?"

मी म्हटलं, दोन्हीकडं नाही.

मग लोक कशाला शिकतात, असं त्यानं विचारलं. त्यावर तेव्हा माझ्याकडं उत्तर नव्हतं. आज पाटीचा रंग उडालाय, क्लासला येणारे कमी झालेत, पुष्कळजण मोबाइलवरच शिकतात, आणि त्या प्रश्नाचं उत्तर अजूनही मला एका वाक्यात देता येत नाही. संपादकांचा दिवाळी अंकासाठी फोन आला तेव्हा वाटलं, उत्तर जमत नसेल तर निदान माणसं सांगावीत.

पण आधी थोडं धंद्याबद्दल. गिटारला सहा तारा असतात. डाव्या हातानं दाबायच्या, उजव्या हातानं छेडायच्या. दोन-तीन तारा ठरावीक जागी एकदम दाबून सगळ्यांवरून हात फिरवला की जो एकत्र आवाज निघतो, त्याला कॉर्ड म्हणतात. गाण्याखाली अंथरलेली सतरंजीच ती. गाणारा तिच्यावर बसून गातो. हिंदी सिनेमातल्या गाण्यांत या सतरंज्या भराभर बदलाव्या लागतात, आणि नवशिक्याची बोटं तिथंच अडखळतात. म्हणून माझ्याकडं कोणीही आलं, कुठलंही गाणं मनात धरून आलं, तरी मी त्याला आधी अमेरिकेतली जुनी कंट्री गाणी शिकवते. कंट्री म्हणजे तिकडच्या खेड्यापाड्यांतली गाणी. त्यात मालगाड्या असतात, ट्रक असतात, गुरं, तुरुंग, दारू, आई, आणि बहुतेक वेळा लांब राहिलेलं घर. जी, सी आणि डी एवढ्या तीन कॉर्ड बसल्या की असली गाणी पिशवीभर वाजवता येतात. एकेक ओळ संपेपर्यंत बोटांना जागा सोडावी लागत नाही. अंगठ्यानं जाड तार, मग खाली सगळ्यांवरून हात, धुम्-चिक, धुम्-चिक. बस्स, एवढंच.

पालकांना हे पटत नाही. मुलीच्या वाढदिवसाला तिच्याकडून काहीतरी नाचरं ऐकायचं असतं आणि मी तिला कुठल्यातरी गुराख्याचं दुःख शिकवत असते. एका बाईंनी मला स्पष्टच विचारलं होतं, टीचर, हे इंग्रजी रडगाणं अजून किती दिवस चालायचं? मी म्हटलं, बोटांना घट्टे पडेपर्यंत. ते खरंच आहे. पहिले काही आठवडे तारा बोटांची टोकं सोलून काढतात. मग हळूहळू कातडी जाड होते आणि दुखणं थांबतं. घट्टे पडेपर्यंत जो टिकला, तो शिकला. बहुतेक त्याच्या आतच गळतात.

मला स्वतःला ही गाणी मिळाली ती वाटपात. वडील चर्चमध्ये पेटी वाजवायचे. तिथं आलेलं एक अमेरिकन जोडपं कायमचं मायदेशी निघालं तेव्हा घरातलं सामान ओळखीच्यांना वाटून गेलं. कुणाला पलंग गेला, कुणाला शिवणयंत्र. आमच्याकडं एक गिटार आणि कॅसेटचा खोका आला. मी तेव्हा मराठी शाळेत जात होते. शब्द कळायचे नाहीत, पण गाणारा माणूस कुठंतरी परत जायला निघालाय आणि त्याला पोचता येत नाहीये, एवढं कळायचं. मी सोलापूर सोडून कुठं राहिलेली नाही. जन्म इथला, नोकरी केली ती इथल्याच शाळेत, क्लास इथं. घरापासून कधी लांब गेले नाही, तरी ती गाणी लागली की मला घराची आठवण यायची. कुठल्या घराची, हे मला आजही सांगता येणार नाही.

नाना तऱ्हेचे विद्यार्थी आले. चिंचोळी एमआयडीसीत यंत्रमागावर काम करणारे एक गृहस्थ यायचे. मागांच्या खडखडाटानं त्यांना ऐकू कमी येत होतं. कॉर्ड बरोबर लागली की नाही, ते कळावं म्हणून ते हनुवटी गिटारच्या लाकडावर टेकवायचे आणि डोळे मिटायचे. आवाज हाडातून येतो म्हणायचे. चुकीची कॉर्ड लागली की दात ठणकल्यासारखं तोंड करायचे. त्यांनी तीन गाणी शिकून घेतली आणि म्हणाले, पुरे, एवढी मला मेल्यावरही ऐकू येतील.

माढ्याहून एक जनावरांचे डॉक्टर रविवारी एसटीनं यायचे. लग्न ठरलं होतं, होणाऱ्या बायकोला गाणं म्हणून दाखवायचं होतं. तीन कॉर्डांपैकी त्यांना दोनच यायच्या. शेवटी त्या दोन कॉर्डांचं गाणं शोधून दिलं. लग्नानंतर दोघं भेटायला आले तेव्हा मी विचारलं, ऐकवलं का? नवरी म्हणाली, व्हय की, पण मला वाटलं सुरुवातच चालली हाय.

अशा गमती पुष्कळ आहेत. पण हे सगळं लिहायला बसले ते महादेवीअक्कांसाठी, हे मला दुसऱ्या पानावर येईपर्यंत माहीतच नव्हतं.

अक्का आमच्याच पेठेतल्या, मागच्या गल्लीतल्या. लिंगायत घर, घरात कानडी, बाहेर मराठी. कपाळावर विभूतीची आडवी पट्टी, साठीच्या घरातलं वय. रस्त्यात भेटल्या तर हसायच्या, एवढीच ओळख. एके दुपारी त्या जिना चढून वर आल्या. हातात चादरीत गुंडाळलेलं काहीतरी मोठं होतं. त्यांनी ते बाजेवर ठेवून उघडलं. आत चांगली, मोठ्या पोटाची गिटार होती. आमच्याकडच्या दुकानांत मिळते तसली नव्हे. लाकूड मधाच्या रंगाचं.

"टीचर," त्या म्हणाल्या, "मला गिटार शिकायची हौस न्हाई. आमच्या मालकांना गायला लावायचं हाय."

मग बसून त्यांनी जे सांगितलं ते असं. नवरा, शिवशरणअण्णा, आखातात तेलाच्या विहिरींवर कामाला होते. तरुणपणीच गेले आणि केस पांढरे झाल्यावर परत आले. दोन वर्षांतून एकदा सुट्टी मिळायची. बाकी सगळा संसार अक्कांनी इथं एकटीनं ओढला. मुलाचं शिक्षण, सासूचं आजारपण, घराचा वरचा मजला, सगळं. तिकडं अण्णांचे वरचे लोक अमेरिकन. संध्याकाळी वाळवंटात करायचं काय, म्हणून ते गिटार घेऊन बसायचे आणि ही गाणी म्हणायचे. अण्णा त्यांच्याकडून शिकले. कायमचे घरी आले ते गिटार घेऊनच. रोज संध्याकाळी गॅलरीत बसून वाजवायचे.

"तुम्हाला आवडायचं?" मी विचारलं.

अक्कांनी मान हलवली. गाणी सुरू झाली की त्या आत जाऊन मिक्सर लावायच्या. चटणी असो नसो. त्यांना वाटायचं, आपल्याजवळ बसलेला माणूस गाणं म्हणायला लागला की पुन्हा तिकडं निघून जातो. इतक्या वर्षांनी घरी आला आणि तोंडात गाणी त्या परक्या मुलखाची. वाजवू नका, असं मात्र त्या कधी म्हणाल्या नाहीत.

मग अण्णांना अर्धांगाचा झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. दवाखान्यातून घरी आले ते एकच शब्द घेऊन. 'बरं.' भूक लागली तरी 'बरं', चहा नको असला तरी 'बरं', राग आला की जोरात 'बरं', आणि रडू आलं तरी तेच. अक्का त्या एका शब्दाच्या सुरावरून त्यांना काय पाहिजे ते ओळखायला शिकल्या होत्या.

काही महिने असेच गेले. एका सकाळी अक्का खोली झाडत होत्या, कोपऱ्यातल्या गिटारीला त्यांचा हात लागला आणि तारा वाजल्या. पलंगावरून अण्णा गायला लागले. अख्खी ओळ, इंग्रजीत, स्वच्छ. अक्कांच्या हातातली केरसुणीची मूठ तशीच राहिली. वाचा आली असं समजून त्यांनी पुण्याला मुलाला फोन लावला, शेजारणीला बोलावलं. सगळे जमेपर्यंत अण्णांकडं पुन्हा एकच शब्द उरला होता. बरं.

डॉक्टरांनी समजावलं की बोलणं आणि गाणं मेंदूत वेगवेगळ्या जागी असतं. बोलण्याची जागा दुखावली तरी गाणं शाबूत राहू शकतं. कधीकधी असं होतं, पण यातून बोलणं परत येईलच असं धरून चालू नका. अक्कांनी त्यातलं पहिलंच लक्षात ठेवलं. तारा वाजल्या की माणूस गातो. मग तारा वाजवणारं कुणीतरी पाहिजे.

"कानडी गेली, मराठी गेली," त्या मला म्हणाल्या, "आन राहिली ती इंग्रजी. राहू दे. आवाज तर त्यांचाच हाय की."

मी शिकवायला सुरुवात केली. अक्कांचा उजवा हात पहिल्याच दिवशी लागला. जन्मभर ज्वारीच्या भाकरी थापलेला हात, तालाला पक्का. धुम्-चिक सांगायची गरजच पडली नाही. पण डावा हात ऐकेना. बोटं आखूड, सांधे धरलेले. जी लावायला घेतलं की एक बोट दुसऱ्या तारेला टेकायचं आणि आवाज फुटायचा. मी सोप्या, कमी बोटांच्या कॉर्ड दाखवल्या. त्या एकेकट्या जमायच्या, पण एकीवरून दुसरीवर जाईपर्यंत गाणं पुढं निघून गेलेलं असायचं. घरी जाऊन त्या अण्णांसमोर वाजवायच्या, आणि अण्णा दोन शब्द गाऊन थांबायचे. गाणाऱ्याखालची सतरंजी मध्येच ओढल्यासारखं होत होतं. अक्का रोज यायच्या, बोटांची टोकं लाल करून जायच्या, आणि दुसऱ्या दिवशी सांगायच्या, आज बी मधेच थांबले.

शेवटी मी म्हटलं, मी येते तुमच्या घरी. मी वाजवते, बघू काय होतंय.

अण्णा गॅलरीत खुर्चीवर बसले होते. उंच माणूस, आजारानं आत गेलेला. उजवा हात मांडीवर ठेवलेला, दुसऱ्या कुणाचा तरी असल्यासारखा. मला बघून ते म्हणाले, "बरं." म्हणजे या. अक्का त्यांच्या उजव्या बाजूला खुर्ची सरकवून चिकटूनच बसल्या आणि रोज कसं वाजवतात ते मला दाखवायला म्हणून गिटार मांडीवर घेतली. गिटारचं पोट अक्कांच्या मांडीवर आलं आणि तारा दाबायची लांब मान अण्णांच्या छातीसमोर गेली. मी अक्कांना काहीतरी सांगायला वाकले होते. तेवढ्यात अण्णांचा डावा हात उचलला गेला, मानेखालून आला आणि बोटं तारांवर बसली. मी बघितलं तर जी. स्वच्छ, एकही तार अर्धवट दबलेली नाही, एकही चुकीची दाबलेली नाही.

मी अक्कांच्या कानात म्हटलं, तुम्ही फक्त उजवा हात चालवा.

अक्कांनी हात फिरवला. धुम्-चिक. अण्णांच्या बोटांनी ओळीच्या शेवटी जी सोडून सी धरली, मग डी, मग परत जी. आणि ते गायला लागले. आवाज घोगरा होता, पण सूर जागचा हलत नव्हता. एक कडवं झालं, दुसरं झालं. मी बाजूला उभी राहून बघत होते. एका गिटारीवर दोन माणसं, त्याचा डावा हात, तिचा उजवा. इतकी वर्षं शिकवताना मी कित्येकांना म्हणत आले होते की दोन्ही हातांचं एकमेकांशी जमलं पाहिजे. ते मी त्या दिवशी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं.

गाणं संपलं तेव्हा अक्का कुणाकडंच बघत नव्हत्या. त्यांनी पदर चेहऱ्यावरून फिरवला आणि आत जाऊन चहा टाकला.

त्यानंतर रोज संध्याकाळी दोघांचं वाजवणं सुरू झालं. मीही आठवड्यातून एकदोनदा जायची. अण्णांना पाच-सहा गाणी यायची, पण एका गाण्यावर ते पुन्हापुन्हा यायचे. ते कोणाचं, कुठलं, मला आजही माहीत नाही. माझ्या खोक्यातल्या कॅसेटींत नव्हतं. बहुधा त्या विहिरीवरच्याच कुणीतरी रचलेलं असावं. अक्कांनी एकदा मला त्याचा अर्थ विचारला. मी सांगितला. एक माणूस लांब रेल्वेचे रूळ टाकायच्या कामाला गेलाय. तो एका बाईला सांगतोय की दिवा विझवू नकोस, काम संपलं की मी येतो. दर कडव्याच्या शेवटी तिला नावानं हाक मारतो. क्लारा.

अक्कांनी आधी कानडीतच विचारलं, "यारु?" मग मराठीत. कोण ही क्लारा?

मी म्हटलं, कोणी नाही हो अक्का. गाण्यात एक बाई लागते, म्हणून कुठलंतरी नाव असतं.

त्यांनी गॅलरीच्या कठड्याबाहेर बघितलं. खालून एक रिक्षा गेली. मग त्या म्हणाल्या, "दिवा मी ठिवला. वाट मी बघितली. आन नाव हिचं."

यात राग नव्हता. राग असता तर मला काहीतरी बोलता आलं असतं.

थोड्या वेळानं त्यांनी मला जे विचारलं, ते विचारताना त्या लाजल्या. लग्नानंतर अण्णा त्यांना एकांतात 'देवी' म्हणायचे. चारचौघांत नाही, आईसमोर तर नाहीच. आखातातून फोन यायचा तोही शेजारच्या दुकानात, तिथं काय नाव घेणार. झटका आल्यापासून ते नाव त्यांनी ऐकलं नव्हतं. क्लाराच्या जागी ते बसवता येईल का?

बसण्यासारखं होतं. दोन अक्षरं तिकडं, दोन इकडं. वजनही जुळत होतं. मी म्हटलं, करून बघू. मला वाटलं, ज्या वाटेनं गाणं येतंय त्या वाटेनं एखादा शब्दही आणता येईल. मी गाऊन दाखवलं, अक्कांनी माझ्याबरोबर म्हटलं. अण्णा आमच्याकडं बघत ऐकायचे, छान मान हलवायचे, बोटं बरोबर जागी ठेवायचे, आणि ती जागा आली की गायचे, क्लारा. आम्ही दोघी 'देवी' म्हणत असू आणि त्यांचा आवाज आमच्यावरून 'क्लारा' म्हणत जाई. आम्ही सावकाश म्हणून बघितलं. ती ओळ सुटी काढून बघितली. नावाच्या आधी थांबून त्यांच्या तोंडाकडं बघितलं. ते ओठ हलवायचे, ओठ वेगळ्या आकाराला जाऊ पाहायचे, आणि आत काहीतरी घसरून पुन्हा तेच नाव बाहेर पडायचं. त्यांना कळत होतं. हे मला नंतर समजलं. आपल्याकडून काय मागितलं जातंय ते त्यांना पूर्ण कळत होतं.

एका संध्याकाळी आम्ही तिसऱ्या-चौथ्यांदा ती ओळ घेतली. नावाची जागा आली आणि अण्णा थांबले. चेहरा लाल झाला. ते अक्कांकडं बघून म्हणाले, "बरं." मग पुन्हा, मोठ्यानं, "बरं. बरं." डाव्या हातानं त्यांनी गिटारची मान ढकलली. डोळ्यांतून पाणी यायला लागलं आणि ते पुसायला उजवा हात उचलायला गेले, तो उचलला गेला नाही.

अक्कांनी गिटार उतरवून ठेवली. मी निघाले.

त्यानंतर अण्णांनी गिटारीला हात लावला नाही. अक्का समोर आणायच्या, ते तोंड फिरवायचे. गाणंही बंद झालं. डॉक्टरांना नंतर विचारलं तेव्हा ते म्हणाले, गाणं आतमध्ये एकसंध पडून असतं, ओळखीच्या रस्त्यानं आपोआप बाहेर येतं. त्यातला एक शब्द काढून दुसरा ठेवायचा तर तो बोलावाच लागतो, आणि बोलणंच तर गेलंय. हे मी आधी विचारायला हवं होतं. माझ्या धंद्यात विद्यार्थ्याची बोटं कुठवर ताणायची आणि कुठं सोडायची, हे कळावं लागतं. बहुतेक वेळा मला ते कळतं.

मी अक्कांकडं गेले नाही, त्याही आल्या नाहीत. पेठेत भेटल्या की एकच सांगायच्या, गप हायत.

एक दिवस त्यांचा निरोप आला, संध्याकाळी या. मी गेले तर अक्का गॅलरीत त्यांच्या नेहमीच्या जागी बसल्या होत्या, गिटार मांडीवर. अण्णा शेजारी, नजर बाहेर. अक्का नुसत्या मोकळ्या तारांवर हात चालवत होत्या. डाव्या हाताशिवाय त्याला काही अर्थ नसतो. सगळ्या तारा आपापलं बोलत असतात. पण ताल बरोबर होता. धुम्-चिक, धुम्-चिक. कुणाची वाट न बघता, भाकरी थापावी तशा त्या वाजवत राहिल्या. चहा निवला. खालच्या गल्लीत दिवे लागले. मला वाटलं, आज काही व्हायचं नाही.

मग अण्णांचा हात वर आला आणि मानेखाली गेला.

त्यांनी तेच गाणं धरलं. पहिलं कडवं. नावाची जागा जवळ येत होती आणि अण्णांचा आवाज बारीक होत गेला, घाबरल्यासारखा. अक्का मात्र त्यांच्याकडं बघत होत्या आणि त्यांचा हात थांबला नाही. अण्णांनी म्हटलं, "क्लारा."

अक्का म्हणाल्या, "ओ."

मोठ्यानं नाही. दुसऱ्या खोलीतून हाक आल्यावर हातातलं काम न सोडता आपण देतो ना, तशी ओ. कानडीतही हाकेला तीच ओ देतात.

अण्णा त्यांच्याकडं वळले. त्यांची बोटं जागची हलली नव्हती, अक्कांचा हात चालूच होता. मग ते पुढचं कडवं गायले, आणि शेवटी मान पूर्ण अक्कांकडं करून, सरळ त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणाले, "क्लारा."

"ओ," अक्का म्हणाल्या.

त्यानंतर ते गाणं तसंच झालं. मी जायची तेव्हा ऐकायची. कधीकधी अण्णा एकच कडवं चार-चार वेळा म्हणायचे, फक्त शेवटच्या हाकेसाठी, आणि अक्का दरवेळी ओ द्यायच्या. एकदा मी अक्कांना विचारलं, आता वाईट वाटत नाही? त्या म्हणाल्या, "नाव कुटलं का असंना. हाक कुणाला मारतेत ते मला कळतंय की."

अण्णांना बोलणं परत आलं नाही. पुढंही बरेच दिवस दोघांनी वाजवलं. मागच्या उन्हाळ्यात अण्णा दुपारचे झोपले ते उठले नाहीत. मी गेले तेव्हा घर माणसांनी भरलं होतं. पुण्याहून मुलगा आला होता, तो अक्कांना तिकडं चला म्हणत होता. अक्का गेल्या आणि थोड्या दिवसांत परत आल्या. करमत नाही म्हणाल्या.

पावसाळा सरला तेव्हा त्या क्लासला आल्या. जिना चढून दम लागला होता. पाणी प्याल्या आणि म्हणाल्या, "टीचर, आता डावा हात शिकवा."

मी त्यांना पुन्हा पहिल्यापासून घेतलं. आखूड बोटं, धरलेले सांधे, सगळं तेच. फरक एवढाच की आता त्यांना घाई नव्हती. जी लागायला पंधरवडा गेला. सी त्याहून जास्त. बोटांची टोकं सोलली, मग घट्ट झाली. मला दाखवायला त्या टोकं टेबलावर वाजवायच्या. एकीवरून दुसरीवर जाताना अजून क्षणभर अडखळतात, पण गाणं त्यांच्यासाठी थांबतं, कारण आता गाणाऱ्याही त्याच आहेत. इंग्रजी शब्द मी देवनागरीत सांगितले, ते त्यांनी पाठ केले. उच्चार कानडी, आवाज पातळ, सूर मात्र धरलेला.

आता क्लासला मी दोन-तीनच जणांना घेते. अक्का मंगळवारी आणि शुक्रवारी दुपारी येतात. तेच गाणं वाजवतात. कडव्याचा शेवट आला, नावाची जागा आली, की त्या ते नाव म्हणत नाहीत. क्लारा नाही, देवीही नाही. तोंड मिटून घेतात. हात चालू असतो, धुम्-चिक, तेवढी जागा मोकळी जाते. एवढ्या शांततेत खालच्या दुकानातलं बोलणंही वर ऐकू येतं.

मग डी सोडून जी धरता धरता त्या हळूच म्हणतात, "ओ."